प्रश्न १४

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात, सिंध्यांच्या कापडबाजारात बांधला गेला. पण गादीवर बसलेल्या माणसाला आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही, की तुमचं मूळ गाव कोणतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तेच विचारायचं काम माझ्याकडे आलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या वयस्कर माणसांच्या आठवणी टिपायच्या होत्या. केएमटीच्या बसमधून तावडे हॉटेलच्या थांब्यावर उतरले तेव्हा पिशवीत छापील फॉर्म होते आणि एक रेकॉर्डर.

गांधीनगर वसलं ते वळिवड्याच्या छावणीत. सोव्हिएत रशियानं सैबेरियाकडे हाकललेले आणि पुढे इराणमार्गे इथवर आलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यातही बहुतेक बायका नि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथं राहिले. ते गेले आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. म्हणजे घर सुटलेल्या माणसांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत पुन्हा घर सुटलेलीच माणसं आली.

त्यांतल्याच एका घरातल्या अम्मांनी ऐंशी ओलांडली होती. गेल्यागेल्या त्यांनी पापड आणि पाणी पुढं केलं. मराठी अस्सल कोल्हापुरी, मधूनच सिंधीत "पुट", म्हणजे बाळ, म्हणायच्या. कराचीतलं घर, अंगणातली खाट, शाळेची वाट, सगळं भराभर सांगितलं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि वडिलांनी बोटीची तिकिटं काढली. अम्मा तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

मी पान उलटलं. प्रश्न १४: 'प्रवासात किंवा छावणीत कुटुंबातील कोणाचा मृत्यू झाला का? हो / नाही.'

"बारका भाऊ," अम्मा म्हणाल्या. "माझ्या मांडीवरच होता. आईला ताप. ती म्हणाली, झोपलाय, उठवू नगंस. मी न्हाई उठवलं. मुंबईचा धक्का येईस्तोवर न्हाई उठवलं."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून उभी होती. तिचीही पन्नाशी उलटलेली. ती सिंधीत काहीतरी म्हणाली. मला एवढंच उमगलं, की हे तीसुद्धा आज पहिल्यांदा ऐकत होती.

आणि मी पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न १५: 'मृत्यूचे कारण. आजार, हिंसाचार, उपासमार, इतर.'

"ताप असंल," अम्मा म्हणाल्या. मी 'आजार'वर खूण केली.

ही खूण मला खूप दिवस पुरली. मुलाखत कागदावर उतरवायला बसले तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये अम्मांच्या शेवटच्या शब्दानंतर लांबलचक शांतता होती. रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्न, सुनेचं पुटपुटणं, आणि मग माझा आवाज. स्वच्छ, नीट, वर्गात हजेरी घ्यावी तसा. तो तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला. त्या आवाजाला दगड म्हणावं, तर तसंही नव्हतं. मी घाबरले होते. हातात फॉर्म होता, म्हणून फॉर्मला धरून राहिले.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या आठवड्यात रात्री दोन-तीनदा उठून मी तिच्या नाकापुढं बोट धरायचे. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय. मला सांगता येईना. जे माझ्यावर कधी बेतलंच नाही, त्याचं रडू मला का यावं? आधीच्या वर्षीच्या महापुरानंतर शिरोळकडच्या एका बाईनं मला सुनावलं होतं, "ताई, इचारणाऱ्या तुम्ही पाचव्या." तेव्हा मी मान खाली घालून परत आले होते, पण त्या रात्री मला झोप लागली होती. या वेळी लागेना.

आमच्या वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उठताना अम्मांना कुठं सोडून आलीस? बोटीवर का घरात?"

मी त्यांना बोटीवरच सोडून आले होते. सही घेतली, आभार मानले आणि निघाले. तेव्हापासून मुलाखत सुरू करण्याआधी सांगते, की नको वाटलं तर थांबू. वाईट ते बोलून झालं की पेन खाली ठेवते. आणि निघण्याआधी आजच्या दिवसावर येते, नातवंडं, दुकान, दुपारी काय रांधलं. पण हे शिकले ते अम्मांच्या जिवावर.

आठ दिवसांनी परत गेले, रेकॉर्डर न घेता. अम्मा उन्हाला बसल्या होत्या. मी म्हणाले, "अम्मा, त्या दिवशी मी घाईनं विचारत गेले. चुकलं माझं."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "त्याचं नाव लिवलंस का?"

फॉर्मवर मृताच्या नावाला जागाच नव्हती. वय होतं, नातं होतं, कारण होतं. फॉर्म अजून जमा केलेला नव्हता, पिशवीतच होता. तो काढून प्रश्न १४ शेजारच्या कोऱ्या समासात, अम्मांनी सांगितलं तसं नाव लिहिलं.

"वाच बघू."

मी वाचलं. त्यांनी मान हलवली. नावातलं पहिलं अक्षर सिंधीत श्वास आत ओढून म्हणायचं असतं, ते माझ्या जिभेला वळेना. त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग अजून एकदा.