तिखटाला थिनरचा वास, अन् दोष निघाला पाकिटाचा

आमच्या बचत गटाचं भिवापुरी मिरचीचं तिखट आहे, कांडप घरचंच. मागच्या उन्हाळ्यात नवीन छापील पाकिटं आणली अन् पंधरा दिवसांत गिऱ्हाईकाचा फोन, "ताई, तुमच्या तिखटाले थिनरचा वास येते." आम्ही सगळ्या घाबरलो. वाटलं मिरचीच खराब निघाली. दोन दिवस कांडप धुतलं, एक पोतं मिरची बाजूला टाकली, पण नवीन भरलेल्या पाकिटांतही तोच वास.

मग नागपूरच्या एका लॅबला फोन केला. तिथल्या मॅडमनी सांगितलं की कांडपावरचं तिखट, पाकिटात भरून ठेवलेलं तिखट अन् त्याच लॉटमधलं न भरलेलं पाकीट, तिन्ही वेगवेगळं पाठवा, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून. पेपरात किंवा प्लास्टिकच्या पन्नीत नको, त्यांचा स्वतःचा वास लागतो.

रिपोर्ट यायच्या आधी त्यांनीच सुचवलेलं घरी केलं. काचेच्या तीन सारख्या बरण्या धुऊन सुकवल्या, एकीत पाकिटाचे तुकडे, दोन रिकाम्या, झाकणं घट्ट लावून दुपारभर टिनाच्या शेडमध्ये ठेवल्या. वास घेणारीनं आधी तंबाखूचा खर्रा खायचा नाही, सेंट लावायचा नाही. एकेकीला वेगळं बोलावलं तर सहाही जणींनी पाकिटाच्या तुकड्यांचीच बरणी उचलली, माझ्या तर डोळ्यात पाणी आलं.

लॅबमध्ये पाकिटाचा तुकडा काचेच्या छोट्या बाटलीत सील करून तापवतात, वर जमलेली हवा सुईनं ओढून लांब बारीक नळीत सोडतात, तिथं एकेक रसायन वेगळं होऊन मागंपुढं बाहेर येतं अन् मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र त्याच्या रेणूचे तुकडे करून ते वजनावरून ओळखतं, टोल्युइन (थिनरमधलं एक रसायन) असलं की 91 वर खूण येते. आमच्या ग्राफवर दोन टोकं होती, इथाइल अॅसिटेट अन् टोल्युइन. न भरलेल्या पाकिटात उंच, आतल्या तिखटात बुटकी, कांडपावरच्या तिखटात नाहीच! म्हणजे शाई पातळ करणारं सॉल्व्हंट पुरतं उडायच्या आधीच छापलेला रोल गुंडाळला होता, अन् तेलकट तिखटानं ते शोषून घेतलं. खाण्याच्या पाकिटाच्या शाईत तर टोल्युइन चालतच नाही, आयएस 15495 या अशा शाईच्या भारतीय मानकात 2020 पासून तसंच आहे.

छापणाऱ्यानं ग्राफ बघून सगळा माल परत घेतला. आता ऑर्डर देतानाच उरलेल्या सॉल्व्हंटचा रिपोर्ट मागतो, अन् माल आला की बरणीत टाकून बघतोच.

बाजूला टाकलेलं पोतं परत आणून कांडलं. लालभडक तिखट हातात घेऊन माय म्हणे, "उगाच बदनाम केली न बाप्पा मिरचीले."