ऑनलाइन विषयाचे पैसे कोण देतं?

इथे अमेरिकेत, मिशिगन राज्यात माझी मुलगी नववीला खगोलशास्त्र शिकली. तिच्या सरकारी शाळेत हा विषय नाही, म्हणून ऑनलाइन शिकली. आमच्या खिशातून एक डॉलरही गेला नाही. फोनवर वहिनींना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, “भाऊजी, मग हे पैसे कोणाच्या पटावरून निघतात?” वहिनी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं, हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या आहेत. म्हणून त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

इथेही सगळं पटावरच चालतं. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी राज्यभर मुलं मोजली जातात आणि दर मुलामागे ठरलेला निधी स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, मिळतो. ऑनलाइन विषयासाठी वेगळं अनुदान नाही. त्याच निधीतून डिस्ट्रिक्ट ते पैसे देतं. २०१३ साली राज्याच्या शाळा अनुदान कायद्यात तसं कलमच आलं. एका सत्रात दोन विषयांपर्यंत मूल ऑनलाइन घेऊ शकतं. एका विषयाला किती द्यायचे याची मर्यादा दर मुलामागच्या मूळ निधीच्या ६.६७ टक्के. विषय त्याहून महाग असेल तर डिस्ट्रिक्ट नकार देऊ शकतं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट पुढची आहे. नाव नोंदवताना शिकवणाऱ्या संस्थेला ८० टक्के रक्कम दिली जाते, उरलेले २० टक्के मुलाने विषय पूर्ण केल्यावर. म्हणजे लॉगिन वाटून मोकळं होता येत नाही. फ्लोरिडा तर याहून कडक. तिथली १९९७ साली सुरू झालेली सरकारी फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल विषय यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या मुलांचेच पैसे मिळवते. इतकं टोक मला बरोबर वाटत नाही. सगळी रक्कम निकालावर टांगली, तर कच्च्या मुलाला ढकलत पुढे काढायचा मोह होणारच.

ऑनलाइन विषयाला मंजुरी मिळते कशी? राज्याची एक खुली यादी आहे, मिशिगन व्हर्च्युअल ही संस्था ती सांभाळते. त्यात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम दिसतो, आणि आधी किती मुलांनी तो घेतला, किती उत्तीर्ण झाली हेही दिसतं. हे आकडे पालकांसमोर उघडे असणं मला फार मोलाचं वाटतं. पलीकडे शिकवणारा शिक्षक राज्याचा परवानाधारक लागतो आणि मुलाच्या शाळेत एक मार्गदर्शक नेमावा लागतो. मुलगी मागे पडली तेव्हा तिला हाक मारून बसवलं ते या मार्गदर्शक बाईंनीच. पालकांची संमती लागते. शाळेने नाही म्हटलं तर कारण कायद्यात बसणारं हवं: पूर्वतयारी नाही, विषयाचा दर्जा कमी आहे, असं काहीतरी. ते पटलं नाही तर अनेक डिस्ट्रिक्टांच्या वर असलेल्या इंटरमीडिएट डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांकडे अपील करता येतं.

हे सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, “धडे आमच्याकडेही आहेत हो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर व्हिडिओ उघडतो. पण तो बघितला काय, न बघितला काय, गुणपत्रिकेत काही फरक पडत नाही. आणि मुलाने तो बघावा म्हणून मागे लागायला वेगळा माणूस कुठे आहे?”

दीक्षा आणि स्वयम् ही ऑनलाइन शिक्षणाची दोन्ही सरकारी व्यासपीठं २०१७ पासून आहेत. महापालिकेच्या शाळांत व्हर्च्युअल क्लासरूम त्याच्याही आधीपासून. वहिनींच्या वर्गातल्या दोन मुलींना जर्मन शिकायचंय. दोन मुलींसाठी कोणी पद मंजूर करणार नाही, आणि ते समजण्यासारखंही आहे. पण घाटकोपर, कुर्ला, मालाड, वरळी अशा सगळीकडच्या शाळांमधून अशी मुलं शोधून एकत्र मोजली, तर एका शिक्षकाचा वर्ग उभा राहू शकतो. त्यासाठी शासन निर्णयात तीन गोष्टी लिहून हव्यात: त्या शिक्षकाचा पगार या एकत्रित पटावरून निघेल, प्रत्येक शाळेत एका शिक्षकाच्या वेळापत्रकात मार्गदर्शनाचा तास धरला जाईल, आणि विषय पूर्ण केल्याची नोंद गुणपत्रिकेत होईल.