बोटीच्या स्टीरिओतली शिट्टी: फिल्टर आणण्याआधी निगेटिव्ह तपासा

इंजिन बंद असतं तोवर गाणं लख्ख वाजतं. चावी फिरवली की स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू. थ्रॉटल पुढे ढकलला की शिट्टी चढते, मागे घेतला की उतरते. बोटीवर अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) बसवलेल्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी भेटतंच, आणि बहुतेक जण पहिल्या झटक्यात नॉइज फिल्टर विकत घेऊन मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, जरा थांबा. आवाज कुठल्या वाटेने आत शिरतोय ते आधी शोधा.

हे सगळं नुकतंच माझ्या मावसभावाच्या बोटीवर केलं, म्हणून डोक्यात ताजं आहे. तो थ्रॉटलवर, मी टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्डच्या खाली उताणा.

सुरुवात कानांनी करायची. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी अखंड शिट्टी असेल तर संशय अल्टरनेटरवर घ्यायचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर. वेगाबरोबर जलद होणारी टकटक असेल तर ती स्पार्कची. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतात, तिथे हा संशयित आपोआप सुटतो. वेग कितीही असो, खरखर तशीच राहत असेल तर बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा), एलईडी दिवे, फोनचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. चार्जर काढला आणि सगळं शांत झालं, असंही होतं.

अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो. डायोड त्याचं डीसी करतात, पण ते डीसी अगदी सपाट नसतं, त्यावर बारीक लहरी उरतात. इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या त्या लहरी जलद, आणि स्पीकरमधून तीच शिट्टी होऊन बाहेर पडते. लहरी प्रत्येक बोटीत असतात. त्या गाण्यात मिसळतात कुठे, तेवढंच शोधायचं असतं.

त्यासाठीची चाचणी फुकट आहे. अँप बंद करा, त्याच्या इनपुटमधल्या आरसीए वायरी (स्टीरिओतून अँपपर्यंत गाणं आणणाऱ्या) काढा, अँप परत चालू करा. (चालू अँपमधून आरसीए ओढू नका, धाडकन आवाज येऊन स्पीकर जाऊ शकतो.) इंजिन चालू असताना शिट्टी तशीच राहिली तर दोष अँपच्या पॉवर किंवा निगेटिव्हमध्ये, नाहीतर खुद्द अँपमध्ये. शिट्टी गेली तर ती आरसीएतून येत होती. मग तिथे फोन जोडा, चार्जिंगला न लावता, स्वतःच्या बॅटरीवर. आमच्याकडे फोनवर गाणं स्वच्छ वाजलं. म्हणजे अँप निर्दोष, गडबड हेड युनिटच्या, म्हणजे डॅशमधल्या मुख्य स्टीरिओच्या बाजूला.

आता बोटीची खास गोष्ट. गाडीत सगळी बॉडीच निगेटिव्ह असते. फायबरच्या बोटीतून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक उपकरणाचा करंट वायरनेच बॅटरीकडे परत न्यावा लागतो. बसवणारा माणूस हेड युनिटची काळी वायर डॅशमागच्या जवळच्या निगेटिव्हला जोडून टाकतो. तिथेच पंप, दिवे, फिशफाइंडर असतात आणि सगळ्यांची मिळून एक लांब वायर मागे बॅटरीकडे जाते. एका नळावर दोन घरं असली की एकाने तोटी सोडताच दुसऱ्याची धार बारीक होते, तसंच इथे होतं: पंप चालला की त्या वायरवरचं व्होल्टेज हलतं. अँपची जाडजूड वायर मात्र थेट बॅटरीवर. दोन निगेटिव्ह, दोन वेगळ्या पातळ्यांवर, आणि त्यांना जोडणारा आरसीएचा शील्ड, म्हणजे त्या वायरीतलं बाहेरचं धातूचं वेष्टन. त्यातून करंट वाहतो, आणि अँप त्यालाही गाणं समजून मोठं करतो.

हे मीटरवर दिसतं. एक प्रोब अँपच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी हेड युनिटच्या काळ्या वायरवर, इंजिन चालू. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. आमच्याकडे शंभराच्या बरेच वर होते, आणि भावाने बिल्ज पंपाचा स्विच दाबला तसा आकडा उडी मारून आणखी वर गेला. डॅशमागे एकाच स्क्रूखाली पाच-सहा लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) एकावर एक चढवलेले होते. मधल्या लगवर हिरवी भुकटी. त्याची वायर दोन बोटं सोलली तरी आतलं तांबं काळंच. अजून सोलली, तरी काळंच. साध्या तांब्यात खाऱ्या हवेचा ओलावा असा आत आत शिरत जातो, म्हणून बोटीला टिन लावलेलीच वायर हवी.

फिल्टरवर माझा राग आहे तो इथे. ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे शील्डमधला असा करंट अडवणारा फिल्टर, लावून शिट्टी कदाचित थांबली असती (स्वस्तातले गाण्यातला बास खातात, ते वेगळंच), पण सडलेला लग तसाच राहिला असता आणि त्याच लगवर बिल्ज पंप होता. पाणी उपसणारा पंप!

आम्ही काळी पडलेली वायर पूर्ण बदलली, नीट बस बार (सगळ्या निगेटिव्ह वायरी वेगवेगळ्या जोडायची धातूची पट्टी) बसवला आणि हेड युनिटची निगेटिव्ह अँपच्याच निगेटिव्हवर नेली. पॉझिटिव्हही तिथूनच घेतली, फ्यूज बॅटरीजवळ. शिट्टी गेली. पुसटशी सळसळ उरली होती ती अँपचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) भरमसाट वाढवलेला असल्यामुळे. तो उतरवून आवाज हेड युनिटवरून वाढवला आणि तीही गेली. आरसीए बॅटरीच्या जाड केबलला चिकटून धावत होती, तीही दुसऱ्या बाजूने फिरवली.

बोट ॲल्युमिनियमची असेल तर बोटीच्या सांगाड्याला (हलला) निगेटिव्ह म्हणून कधीही वापरू नका, धातू खाल्ला जातो. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले आहेत ना, ते बघा. एवढं करूनही शिट्टी असेल तर बॅटरीच्या टोकांवर मीटर एसीवर लावून मोजा. अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा दाट संशय घ्यायचा. मात्र इंजिन चालू असताना बॅटरी सोडवून तपासायचं नाही, त्या झटक्यात डायोड आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतात. आणि आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर चावीला हात लावण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातला पंखा) चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढा.

भावाच्या बोटीवर आता फक्त एफएम लावल्यावर बारीक टकटक येते, म्हणजे ती अँटेनातून शिरतेय. पुढच्या वेळी स्पार्क प्लग काढून बघणार आहे, रेझिस्टरवाले, म्हणजे रेडिओतली टकटक कमी करणारे, आहेत का ते. बऱ्याच प्लगच्या नंबरात त्यासाठी आर अक्षर असतं. नसेल, तर इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलेच घालायचे.