कुठे उतरणार?

चाळिशी उलटल्यावर नोकरी सांभाळून तत्त्वज्ञानात एम. ए. केलं. निकाल लागला त्या संध्याकाळी सासूबाईंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "आता चिडणार नाहीस ना गं?" मी हसले. खरं तर मलाही आतून तीच आशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून मुंबईची फास्ट लोकल पकडली. लेडीज डब्याचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना पाठ असतो. बसलेलीला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती "घाटकोपर" म्हणाली की जागा आपली. त्या दिवशी माझी 'घाटकोपर' उठली आणि ठाण्याला चढलेली एक मुलगी झपकन तिथे बसली. मी तिला जे बोलले, त्यात तत्त्वज्ञान अजिबात नव्हतं.

एपिक्टेटस हा गुलामगिरीत वाढलेला, पायाने अधू असा प्राचीन तत्त्वज्ञ. तो सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय चालतं ते आठव. कुणी पाणी उडवतं, कुणी ढकलतं, कुणी शिव्या देतं, कुणी चोरतं. तुला नुसती आंघोळ करायची नाहीये, मनही ताळ्यावर ठेवायचंय. हे वाचताना मी समासात 'लोकल!' असं लिहिलं होतं. पण स्टेशनचा जिना चढताना एपिक्टेटस आठवत नाही, पास संपल्याची तारीख आठवते.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने ही गोम बरोबर ओळखली होती. चांगुलपणावर नुसती चर्चा करणारे लोक म्हणजे डॉक्टरचं मन लावून ऐकणारे आणि त्यातलं काहीच न करणारे रोगी, असं तो म्हणतो. (मला सासूबाईंचे गुडघ्याचे व्यायाम आठवले. फिजिओथेरपिस्टसमोर त्यांच्याइतकी नम्रपणे मान कुणी डोलावत नसेल.)

मग मी मोजायला लागले. राग येणारच, हे कबूल करून टाकलं. तो कुठे उतरतो एवढंच बघायचं. पूर्वी तो माझ्याबरोबर ऑफिसात यायचा, दुपारी डबा खातानाही शेजारी असायचा. हळूहळू तो भायखळ्याला उतरायला लागला, मग त्याही आधी, दादरला. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की पुन्हा थेट ऑफिसात. रोज जिन्यावर तीच यादी घोकते: धक्का लागेल, पाय तुडवतील, जागा जाईल. पाढे पाठ करण्याइतकंच कंटाळवाणं काम आहे. डोक्यात प्रकाश वगैरे काही पडत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा एकीने माझी जागा पळवली. घाटकोपरला चढलेला राग कुर्ल्यालाच उतरला. दिवसभर मी स्वतःवर खूश होते.

काल तर डोंबिवलीलाच बसायला मिळालं, म्हणजे दिवाळीच. ठाण्याला कॉलेजची एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली, वाकून गोड आवाजात म्हणाली, "आजी, कुठे उतरणार?"

"शेवटपर्यंत," मी म्हणाले. रागालाही तिथेच उतरायचं होतं.