जीवशास्त्राचं अख्खं पुस्तक एकीकडे आणि प्रतिकारशक्तीचा धडा एकीकडे

जीवशास्त्र म्हणजे नुसतं पाठांतर, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांनी प्रतिकारशक्तीचा धडा एकतर ऑप्शनला टाकला असणार, नाहीतर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून गेले असणार. मी तो नुकताच पार केलाय. वैताग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर मला उच्च माध्यमिकचं जीवशास्त्र बाहेरून द्यायचं होतं. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला हा विषय लागतो आणि माझा तो नव्हता. नोकरी सांभाळून रात्रीचा अभ्यास. पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन हे सगळं बिनबोभाट पार पडलं, कारण त्या धड्यांना वाट आहे. घास तोंडात गेला की पुढे कुठे कुठे जातो ते लिहीत सुटायचं. हृदयातून एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार केला की पाच लिटर. मूत्रपिंडात दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की नेफ्रॉनची ती लांबलचक वेडीवाकडी नळी कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सूक्ष्मजीवांचा धडा तर मजेत झाला. जिवाणूला पेशीभित्तिका असते, आपल्या पेशींना नसते. पेनिसिलिन नेमकं त्या भित्तिकेच्या बांधकामात खोडा घालतं. म्हणून जिवाणू मरतो आणि आपल्याला काही होत नाही. विषाणूला भित्तिकाच नाही, तर सर्दीवर पेनिसिलिन करणार काय? एवढं एक कळलं की त्या धड्यातले निम्मे प्रश्न सुटतात.

आणि मग तो धडा.

उघडला की समोर तक्ता. प्रतिकारशक्तीचे दोन प्रकार, जन्मजात आणि अर्जित. अर्जितचे दोन, सक्रिय आणि निष्क्रिय. त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, नैसर्गिक आणि कृत्रिम. पान उलटलं की अर्जितचेच आणखी दोन प्रकार, पण आता निराळेच: अँटीबॉडींच्या (म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) जोरावरची आणि पेशींच्या जोरावरची. हे दोन तक्ते एकमेकांत कसे बसतात याबद्दल चकार शब्द नाही. पुढे बी पेशी, टी पेशी (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशीच), टीचे उपप्रकार, अँटीबॉडीचे पाच प्रकार, लसिका अवयवांचे दोन प्रकार. सगळ्यांच्या व्याख्या आहेत. घडतं काय, ते कुठेच नाही. वंशावळ वाचून घरातलं भांडण कळत नाही, तशातली गत.

क्लासला विचारलं. उत्तर मिळालं, "दोन-तीन मार्कांना येतं, तक्ता पाठ करून टाका." पाठ केला. दोन दिवसांत उडाला. परत केला, परत उडाला. बाकीचं पुस्तक संपत आलं होतं आणि मी याच धड्यावर ठाण मांडून. शेवटी वहीत फक्त शंका लिहून काढल्या. मुख्य तीन निघाल्या. शरीराने कधी पाहिलाच नाही अशा जंतूची अँटीबॉडी शरीराकडे येते कुठून? अँटीबॉडी एवढी गुणी, तर मग टी पेशींचं काम काय? आणि बी पेशीला स्वतःला जंतू ओळखता येतो, तर ती हेल्पर टी पेशीसाठी खोळंबून का बसते?

या तिन्हींची सरळ उत्तरं आहेत. फक्त धड्यात ती चार ठिकाणी विखुरलीत, आणि पहिल्याचं तर जवळजवळ नाहीच.

मला वाट सापडली ती तक्ते बाजूला ठेवून एका कोऱ्या पानावर आडवी रेघ मारली तेव्हा. डावीकडे लिहिलं "बोटात काटा गेला", आणि उजवीकडे तास-दिवस मांडत गेले. पहिली काही मिनिटं: तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो. बोट लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं. पुढचे काही तास: रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धावतात, जंतू गिळतात आणि स्वतः मरतात. काट्याच्या तोंडाशी पिवळट पू दिसतो तो बराचसा याच मेलेल्या पेशींचा. एवढं सगळं झालं तरी जंतू कोणता याची चौकशी कोणी केलेली नसते. ही झाली जन्मजात प्रतिकारशक्ती, व्याख्येशिवाय.

इथे इल्या मेचनिकॉफ आठवावा. १८८२ मध्ये त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली. पलीकडच्या गोटात रक्तद्रवातल्या पदार्थांवर भिस्त ठेवणारे होते. दोन्ही बाजूंत चांगलीच जुंपली, आणि १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि त्या गोटातला पॉल एर्लिख या दोघांना विभागून मिळालं. धड्यात हे नाव एका ओळीत येतं. गोष्ट सांगितली असती तर पान वाढलं असतं, पण माझे कित्येक तास वाचले असते.

परत रेघेकडे. बोटात जळजळ चालू असताना एक डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिनीतून जवळच्या लसिकाग्रंथीत जाते. म्हणूनच हाताच्या जखमेने काखेत आणि पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येतं. ग्रंथीत लिम्फोसाइट पेशींची, म्हणजे बी आणि टी पेशींची, सतत ये-जा चालू असते, आणि प्रत्येकीचा ग्राहक, म्हणजे पृष्ठभागावरचा जंतू ओळखणारा रेणू, निराळा. तो तुकडा ज्या टी पेशीच्या ग्राहकात चपखल बसेल तीच जागी होते आणि विभागत सुटते. बाकीच्या ढिम्म.

माझ्या पहिल्या शंकेचं उत्तर हेच. जंतू पाहून त्याच्या मापाची अँटीबॉडी बेतली जात नाही. जंतू यायच्या आधीच असंख्य निरनिराळ्या ग्राहकांच्या पेशी तयार असतात आणि जंतू त्यांतली एक निवडतो. ही मांडणी मॅकफार्लेन बर्नेटची, १९५७ मधली. मग पुढचा प्रश्न: माणसाच्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांची संख्या साधारण २०,०००, मग इतक्या तऱ्हांचे ग्राहक कशातून होतात? तर बी पेशी तयार होताना अँटीबॉडीच्या जनुकाचे तुकडे कापून वेगवेगळ्या जोड्यांनी सांधले जातात. हे सुसुमु तोनेगावाने दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यालाच. टी पेशींचे ग्राहकही याच पद्धतीने घडतात. अशा मोकाट जुळणीत आपल्याच शरीराला चावणाऱ्या पेशीही निघणार, हे उघड आहे. थायमसचं, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीचं, काम इथे येतं: टी पेशींची तिथे परीक्षा होते आणि बहुतेक सगळ्या नापास होऊन मरतात. पुस्तकात थायमसपुढे "टी पेशी परिपक्व होण्याचे ठिकाण" एवढंच लिहिलंय. मला तर वाचून राग आला.

तिसरी शंकाही इथेच सुटते. बी पेशी जंतूचा अंश पकडते, आत घेते, त्याचा तुकडा पृष्ठभागावर मांडते आणि हेल्पर टी पेशीपुढे धरते. त्या टी पेशीने तोच शत्रू स्वतंत्रपणे ओळखलेला असला तरच ती सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारे पदार्थ, सोडून होकार देते. दोन वेगवेगळ्या पेशींचं एकमत झाल्याशिवाय सहसा मोठी कारवाई नाही, म्हणजे आपल्याच पेशींवर चुकून हल्ला होण्याची भीती कमी. गाईडांमध्ये हेल्पर टी "सेनापती" असते. ही उपमा डोक्यातून काढून टाका. सगळ्यांना हुकूम सोडणारं इथे कोणीच नाही, आणि सेनापती शोधत बसलात तर धडा कळणार नाही.

होकार मिळालेली बी पेशी विभागते, तिच्या काही लेकी प्लाझ्मा पेशी होऊन अँटीबॉडी ओततात, काही स्मृतिपेशी होऊन मागे राहतात. या सगळ्याला दिवस लागतात. रक्तात अँटीबॉडी दिसायला लागेपर्यंत आठवडाभर गेलेला असतो. तोच जंतू पुन्हा आला तर स्मृतिपेशी तयारच असतात, मग प्रतिसाद लवकर आणि जोरात. पुस्तकातला तो दोन टेकाडांचा आलेख हाच. अँटीबॉडीच्या पाच प्रकारांपैकी पहिल्या टेकाडात आयजीएमचा वाटा मोठा, दुसऱ्यात आयजीजीचा. हे आलेखावरच लिहून टाका, वेगळं पाठ करू नका.

दुसरी शंका राहिली. अँटीबॉडी रक्तात, लसिकेत, अश्रूंत, लाळेत फिरते. जिवंत पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत पोचत नाही. पेशीच्या आत काय चाललंय त्याचे नमुने पेशी पृष्ठभागावर मांडत असते, ते मारक टी पेशी तपासते आणि विषाणू सापडला तर अख्खी पेशीच संपवते. बाहेरच्यांसाठी अँटीबॉडी, आत दडलेल्यांसाठी टी पेशी. दुसऱ्या तक्त्यातल्या दोन फांद्या म्हणजे एवढंच. हे एक वाक्य छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

रेघ पूर्ण झाली त्या रात्री मी तक्ता न बघता परत काढला आणि तो आपोआप आला. स्वतःवर खूश होऊन मी तो क्लासच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले.

आता आठवतील तशा सूचना. धडा शेवटून वाचायला घ्या, म्हणजे एड्स आधी. एचआयव्ही हेल्पर टी पेशींवर घाला घालतो आणि त्या संपत गेल्या की बी पेशी आणि मारक टी पेशी असूनही लुळ्या पडतात. निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारे जंतूही मग जिवावर उठतात. हेल्पर टीचं महत्त्व याहून चांगलं कुठल्याच व्याख्येतून कळत नाही.

सक्रिय-निष्क्रियसाठी रेबीज हे एकच उदाहरण धरा. पिसाळलेला कुत्रा चावून जखम खोल असेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) दोन्ही देतात. लशीने शरीर स्वतः अँटीबॉडी करतं, पण त्याला वेळ लागतो; तोवरच्या दिवसांसाठी तयार अँटीबॉडी जखमेतच टोचतात. तयार मिळालेली लगेच कामाला लागते, पण टिकत नाही आणि स्मृती ठेवत नाही. बाळाला नाळेतून आयजीजी आणि आईच्या दुधातून आयजीए मिळतं, ती याचीच नैसर्गिक बाजू. धनुर्वाताचं आणि घटसर्पाचं प्रतिविष, म्हणजे जंतूचं विष निकामी करणाऱ्या तयार अँटीबॉडी, बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं, तेही याच खान्यात.

लसीकरणाचे सनसाल मात्र घोकावेच लागतात, त्याला इलाज नाही. जेन्नरचा प्रयोग १७९६, पाश्चरची रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा १८८५, देवी जगातून हद्दपार झाल्याची घोषणा १९८०.

परीक्षेत काय आलं? "सक्रिय व निष्क्रिय प्रतिकारशक्तीतील फरक तक्त्यात लिहा." तक्त्यातच! मी निमूटपणे चौकट आखली आणि रेबीज दोन्ही बाजूंना भरला. मार्क चांगले पडले, पण मला विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच नाही, याची चुटपुट आहेच.

अँटीबॉडीची आकृती काढताना इंग्रजी वाय (Y) आकाराच्या वरच्या दोन्ही टोकांना अँटिजेन (जंतूचा ओळखला जाणारा अंश) जोडण्याच्या जागा दाखवा, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांना नावं द्या आणि नावांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका. ॲलर्जीवर प्रश्न आला तर आयजीई (अँटीबॉडीचा आणखी एक प्रकार) आणि मास्ट पेशी हे दोन शब्द उत्तरात पाहिजेतच. हिस्टामिन काट्याच्या रेघेत पहिल्याच मिनिटाला लिहिलेलं आहे, तिथूनच उचला.