सीसीएनए पुन्हा देताना: अडकले ते नावावर

मुलं शाळेत रुळल्यावर पुन्हा नोकरी शोधायची ठरवली आणि त्यासाठी सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा, परत द्यायला घेतली. आधीचं प्रमाणपत्र लग्नापूर्वीचं, ६४०-८०१ या परीक्षेचं. त्याची मुदत तीनच वर्षांची, त्यामुळे ते केव्हाच संपलं होतं. आता परीक्षा आहे २००-३०१. अभ्यास कसा केलास, असं बऱ्याच जणी विचारतात. अभ्यास झाला हो, अडकले ते नावावर.

परीक्षेच्या खात्यात माझं माहेरचं आडनाव. पासपोर्ट, आधार, सगळीकडे सासरचं. खात्यातलं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून तारीख घेण्याआधी पुण्यातल्या एका केंद्रात फोन केला. "पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही आणा मॅडम, होऊन जाईल," असं तिथल्या माणसाने सांगितलं. दोन्ही मूळ कागद घेऊन मी वेळेच्या बऱ्याच आधी पोचले. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "नाव मॅच होत नाही, बसता येणार नाही." दाखला तिने हातातसुद्धा घेतला नाही. फोनवर हो म्हटलं होतं, असं सांगितलं तर "ज्यांनी सांगितलं ते आज सुट्टीवर आहेत." कारण लेखी मागितलं, तर तशी पद्धत नाही म्हणे. फी ३०० डॉलर आणि वर कर, घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे. तिथल्याच बाकावर बसून परीक्षेच्या मदतकक्षाला फोन लावला आणि तक्रार क्रमांक मिळेपर्यंत उठले नाही. पुढे फी परत मिळाली ती त्या क्रमांकाच्या जोरावर. तुमच्यावर अशी वेळ आली तर केंद्रातून बाहेर पडण्याआधी तो क्रमांक घ्याच.

मग नाव बदलायचा अर्ज. खात्यातलं नाव आपलं आपल्याला बदलता येत नाही, कागद पाठवून बदलून घ्यावं लागतं. आडनाव दुरुस्त झालं, पण तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव छापलेलं आहे, आणि खात्यात नुसतं माझं. आपल्याकडे किती जणांच्या पासपोर्टवर त्या रकान्यात वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं! या वेळी केंद्राला न विचारता मदतकक्षाला ईमेल केला. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं ठेवा, असं उत्तर आलं. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत, अभ्यासातला मोठा धडा) वाचायला बसावं तर लक्ष सगळं मेलकडे.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका त्या केंद्राने पाहिल्याच नसतील का? "आधी खात्यातलं नाव बदला, मग तारीख घ्या," एवढंच पहिल्या फोनवर सांगितलं असतं तर माझी सगळी पायपीट वाचली असती. त्याचा राग अजून जात नाही. म्हणून सांगते, पुस्तक उघडण्याआधी खातं उघडून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि फोनवरचा होकार धरू नका, ईमेलवर घ्या.

अभ्यासक्रम बराच बदललाय, आणि मला तो बदल पटला. तेव्हा फ्रेम रिले, आयएसडीएन ही जुनी जोडणी-तंत्रं आणि आरआयपी, ईआयजीआरपी या राउटिंगच्या पद्धती घोकल्या होत्या, ते सगळं गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सिक्युरिटी, वायरलेस अशा वेगवेगळ्या सीसीएनए बंद करून एकच ठेवली. त्यात ऑटोमेशनला, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रॅमकडून करून घेण्याला, १० टक्के वजन आहे: जेसन (माहिती लिहायची पद्धत), रेस्ट एपीआय (प्रोग्रॅमने उपकरणांशी बोलायची सोय), अँसिबल (सेटिंग आपोआप करणारं साधन). ऑगस्ट २०२४ च्या १.१ आवृत्तीत पपेट आणि शेफ ही तशीच साधनं जाऊन टेराफॉर्म आलं, एआयचाही मुद्दा आला. जुन्या वहीतलं सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटायचं गणित) मात्र जसंच्या तसं कामाला आलं. तेव्हा राउटरला हात लावायला क्लासच्या लॅबमध्ये नंबर लावावा लागे, आता पॅकेट ट्रेसर हे सरावाचं आभासी नेटवर्क घरच्या लॅपटॉपवर फुकट चालतं. डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करायच्या नादी अजिबात लागू नका. लॅबच्या प्रश्नात कमांड आपल्यालाच द्याव्या लागतात, आणि उद्या कामावरही.

दुसऱ्यांदा तारीख घेतली ती वेगळ्या केंद्रात. तिथे पासपोर्ट पाहून लगेच आत सोडलं. वेळ १२० मिनिटं, आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, त्यामुळे एकाच प्रश्नाशी झटत बसू नका. पुसता येणारी पाटी देतात, तिच्यावर सबनेटचा तक्ता काढून ठेवा, मला तो खूप उपयोगी पडला. पास झाले, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

हो, एक राहिलंच. तीन वर्षांत ३० सीई क्रेडिट (कोर्स वगैरे करून मिळणारे सततच्या शिक्षणाचे गुण) जमवली तर परीक्षा न देताही या प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं. माझ्या पहिल्या वेळी ही सोय नव्हती. त्यासाठीचा पहिला कोर्स मी सुरूही केलाय.