राजवाड्यावरचा स्वल्पविराम

पॉट्सडामच्या त्या टेकडीच्या 132 पायऱ्या चढून मी वर पोहोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मला राजवाड्यापेक्षा एखाद्या बाकाची अधिक आस लागली होती. मुलगी बर्लिनला नोकरीला आहे म्हणून घडलेली ही सहल. एरवी प्रशियाच्या राजाच्या उन्हाळी घराशी माझा काही संबंध येण्याचे कारण नव्हते. बसायला जागा शोधताना मान वर झाली, तर मधल्या घुमटाखाली, कमानदार खिडक्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत राजवाड्याचे नाव दिसले आणि त्या नावात चक्क एक स्वल्पविराम होता. 'साँ, सूसी.' शेवटी पूर्णविरामसुद्धा. फ्रेंचमधल्या या दोन शब्दांचा अर्थ 'चिंतेविना' एवढाच आहे आणि त्यांच्या मध्ये थांबण्याचे काहीही प्रयोजन नाही. तीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाची नजर आधी चुकीवर पडते आणि मग इमारतीवर, त्याला इलाज नाही. पर्समध्ये लाल पेन होते, पण हात पोहोचण्यासारखा नव्हता.

हा राजवाडा बांधून घेणाऱ्या दुसऱ्या फ्रेडरिकला फ्रेंच येत नव्हते, असे म्हणण्याचीही सोय नाही. जर्मनांचा हा राजा बोलायचा फ्रेंच, पत्रे लिहायचा फ्रेंच, कविता करायचा त्याही फ्रेंच. इथल्या त्याच्या ग्रंथालयात सुमारे 2100 पुस्तके आहेत, तीही फ्रेंच. कविता तपासून देण्यासाठी त्याने 1750 मध्ये प्रत्यक्ष व्हॉल्तेअरला, त्या काळच्या नामांकित फ्रेंच लेखकाला, आणून ठेवले होते. ते काम करताना व्हॉल्तेअर एकदा वैतागून, राजा आपले मळके कपडे माझ्याकडे धुवायला पाठवतो, असे कोणापाशी बोलून गेला म्हणतात. अशा गोष्टी राजापर्यंत पोहोचतातच. भांडणे इतरही बरीच झाली आणि 1753 मध्ये व्हॉल्तेअर निघून गेला. लेखकाच्या माघारी त्याच्या प्रुफांविषयी काय बोलावे आणि कोणासमोर बोलू नये, हे मी स्वतः उशिरा शिकले असल्यामुळे माझी सहानुभूती व्हॉल्तेअरकडे आहे. अर्थात या स्वल्पविरामाचा आळ त्याच्यावर घालता येत नाही, कारण राजवाड्याचा पाया 1745 च्या एप्रिलमध्ये घातला गेला आणि 1747 च्या मे महिन्यात वास्तुप्रवेशही झाला.

वास्तुप्रवेश म्हटले की मला एक जुनी दुपार आठवते. वडिलांचा मिरजेला लहानसा छापखाना होता, एक ट्रेडल मशीन आणि छपाईच्या खिळ्यांच्या केसेस एवढाच त्याचा पसारा. लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीच्या पत्रिका हे मुख्य काम. एका गृहस्थांनी नव्या घराचे नाव 'निश्चिंत' ठेवले होते आणि खिळे जुळवून मजकूर रचणाऱ्या आमच्या जुळाऱ्याने पत्रिकेत त्या नावापुढे, जुन्या मजकुराच्या सवयीने, एक स्वल्पविराम बसवला. दोनशे पत्रिका छापून, वाळवून, पुडके बांधून झाल्यावर ते गृहस्थ आले, त्यांनी एक पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि अत्यंत शांतपणे विचारले, "निश्चिंत, आणि पुढे काय?" वडिलांना हसू आवरेना, पण कागद पुन्हा आणायला पैसे नव्हते. मग ती दुपारभर आम्ही तिघे भावंडे दाढीच्या जुन्या ब्लेडचा कोपरा धरून दोनशे स्वल्पविराम खरवडत बसलो. शाई निघायची, पण तिच्याबरोबर गुळगुळीत कागदाचा पापुद्राही निघायचा आणि पत्रिका उजेडात तिरपी धरली की त्या जागी केसाळ पांढरा ठिपका मूळ स्वल्पविरामापेक्षा ठळक दिसायचा. त्या गृहस्थांनी तशाच पत्रिका वाटल्या. घर चांगले झाले होते, जेवणही चांगले होते.

सोनेरी अक्षरे कोणी खरवडली नाहीत, कारण मालकाची तक्रारच नव्हती. इतर बाबतींत मात्र हा मालक फार त्रासदायक असावा. क्नोबेल्सडॉर्फ नावाचा त्याचा वास्तुरचनाकार चांगला जाणता होता, दोघांची मैत्रीही जुनी होती. त्याचे म्हणणे असे की घराला तळघर आणि उंच जोते हवे, नाहीतर एक तर ओल येईल आणि दुसरे म्हणजे खालच्या बागेतून बघणाऱ्याला इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसेल. राजाला जोते नको होते. दार उघडले की थेट अंगणात पाऊल पडले पाहिजे, पायरी मध्ये येता कामा नये, हा त्याचा हट्ट. बांधकाम पुरे होण्याआधीच 1746 मध्ये क्नोबेल्सडॉर्फची रवानगी झाली आणि उरलेले काम दुसऱ्याने निभावले. दोघांपैकी बरोबर कोण होते, हे पायऱ्या चढणाऱ्या कोणालाही कळते. तळाशी उभे राहून पाहिले की राजवाड्याचा खालचा भाग वरच्या गच्चीच्या कडेआड बुडालेला असतो आणि जसजसे वर जावे तसतसे ते घर पाण्यातून बाहेर आल्यासारखे हळूहळू उगवते. क्नोबेल्सडॉर्फ म्हणत होता ते खरे निघाले. पण मला ते उगवणे आवडले, म्हणून माझे मत राजाच्या बाजूने.

शिवाय घर आहेच लहान. एकच मजला, मुख्य खोल्या जेमतेम दहा, पूर्वेकडे राजाच्या आणि पश्चिमेकडे पाहुण्यांच्या, मध्ये संगमरवरी दालन. राणीची खोली नाही, कारण राणीला इथे कधी बोलावणेच नव्हते. ज्या टेकडीवर हे घर आहे ती आधी, 1744 मध्ये, द्राक्षांसाठी सहा टप्प्यांत कापली गेली आणि सगळ्या टप्प्यांच्या भिंतींत मिळून 168 कोनाडे काढून त्यांना काचेची दारे लावली, म्हणजे उत्तरेच्या त्या थंडीत पोर्तुगाल आणि इटलीकडून आणलेल्या वेली आणि अंजिरे तग धरतील. द्राक्षमळा आधी आला आणि घर मागाहून, त्यामुळे दर्शनी भिंतीवर छत तोलून धरणारे 36 पाषाणपुतळे वीरांचे नाहीत, मद्यदेव बाकस आणि त्याच्या गणगोताचे आहेत. खांबांच्या जागी उभे राहून ओझे वाहणारी ही मंडळी कण्हत नाहीत, दात काढून हसतात, एकमेकांकडे वळून काही कुजबुजतात. माझ्या अगदी डोक्यावरच्या एकाच्या दाढीत खरोखरीच्या कोळ्याने जाळे विणले होते.

कोळ्याचे जाळे आतही आहे, संगीताच्या दालनाच्या छतावर, पण सोन्याचे. शिंपल्याखड्यांच्या नक्षीवरून ज्या शैलीला रोकोको हे नाव पडले, तिला सरळ रेघेचे वावडे आणि रिकाम्या जागेचे भय. वेल सुरू झाली की ती आरशाची चौकट ओलांडून छतापर्यंत जाते आणि तिथे तिला सोनेरी कोळी भेटतो. या जाळ्याखाली राजा संध्याकाळी बासरी वाजवत असे. व्हॉल्तेअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोलीत तर पिवळ्या भिंतींवर लाकडी माकडे, पोपट, बगळे आणि फळांचे घोस असे काही दाटलेले आहेत की तिथे कोणाला झोप लागली असेल, असे मला वाटत नाही. माझ्या आवडीचे बसले ते ग्रंथालय, गोल, देवदाराच्या लाकडाने मढवलेले, शेवटच्या टोकाला अरुंद बोळातून जावे लागेल असे दडवलेले.

चिंता नको म्हणून बांधलेल्या या घराने राजाला चिंता मात्र पुरवल्या. बागेत कारंजे हवे, म्हणून हावेल नदीचे पाणी पवनचक्क्यांनी उपसून मागच्या टेकडीवरच्या तळ्यात चढवायचे ठरले. तळ्याभोवती शोभेसाठी खोटे रोमन भग्नावशेष बांधून तयार झाले, खड्डे झाले, लाकडी नळ आले. नळ फुटले, पुन्हा आले, पुन्हा फुटले. पैसा गेला आणि राजाच्या हयातीत ते कारंजे धड कधी उडालेच नाही. पाणी उडाले ते 1842 मध्ये, तो जाऊन अर्धशतक उलटल्यावर, वाफेच्या यंत्रावर, 38 मीटर उंच. यंत्राचे घर बांधले मशिदीसारखे आणि धुराड्याचा केला मिनार. नळवाल्याची वाट पाहण्यात ज्यांची हयात गेली त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगायला नको.

स्वल्पविरामाविषयी मागाहून चौकशी केली, तर पंडितांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली असल्याचे कळले. कोणी त्यात धर्ममताचे कोडे पाहतो, कोणी शब्दांचा खेळ, कोणी नुसती शोभा. माझा आपला एक समज होता की जुळारी कोणत्याही देशातला असो, त्याचा हात सवयीने चालतो. मग त्या गच्चीच्या पूर्वेच्या टोकाला गेले. घराचा पाया घालण्याच्या आधीच, 1744 मध्ये, राजाने तिथे स्वतःसाठी थडग्याची जागा करून ठेवली होती आणि तिच्याकडे बोट दाखवून, मी तिथे जाईन तेव्हा निश्चिंत होईन, असे तो म्हणाल्याचे सांगतात. तेव्हा त्याचे वय 32 होते. 1786 च्या 17 ऑगस्टला तो याच घरात आरामखुर्चीत गेला, पण पुतण्याने त्याला गावातल्या चर्चमध्ये बापाशेजारी ठेवले, ज्या बापाशी त्याचे जन्मात पटले नव्हते. पुढे दुसऱ्या महायुद्धात शवपेटी मिठाच्या खाणीत लपवली गेली, तिथून मारबर्गला, तिथून होहेनझोलर्नच्या किल्ल्यात, आणि 1991 च्या 17 ऑगस्टला, मध्यरात्री, एकदाची इथे आली.

साधी फरशी, वर नुसते नाव, शेजारी त्याच्या लाडक्या कुत्र्यांच्या फरश्या. फुले थोडी आणि बटाटे बरेच, कारण लोकांना बटाटा लावायला याने भाग पाडले अशी त्याची ख्याती आहे. मी बटाटे मोजले, चौदा होते. त्यातल्या एकाला, बरेच दिवस उन्हात पडून हिरवट झालेल्या, दोन कोंब फुटले होते. मुलीला दाखवावा म्हणून वळले, तर ती निम्म्या पायऱ्या उतरून गेली होती.